१९३४ च्या बाँबचे दप्तर उघडा

जानेवारीची ३० तारीख आली की सकाळी अकरा वाजता देशभर माणसे दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात आणि मग आपापल्या कामास लागतात. जून महिन्याच्या २५ तारखेस असे काही घडत नाही. १९७५ पासून त्या तारखेवर आणीबाणीने आपला हक्क सांगितला आहे, आणि तो रास्तही आहे. पण त्याच्या आधी एकेचाळीस वर्षे, २५ जून १९३४ रोजी, पुण्याच्या नगरपालिकेच्या दाराशी एक बाँब फुटला होता याची आठवण राखणारे आज फारसे कोणी उरलेले नाही. तो बाँब महात्मा गांधींसाठी होता. तो कोणी फेकला हे त्या दिवशी कळले नाही, पुढेही कळले नाही. नव्वद वर्षे उलटून गेली तरी त्या गुन्ह्याच्या पुढे एकाही माणसाचे नाव सिद्ध होऊन लागलेले नाही.

हकीकत थोडक्यात अशी. अस्पृश्यतानिवारणासाठी गांधीजी ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून निघाले होते. तेव्हा ज्याला हरिजन दौरा म्हणत तो हा दौरा. सुमारे नऊ महिने आणि साडेबारा हजार मैल चाललेल्या या प्रवासात जागोजागी गर्दी लोटत होती आणि जागोजागी काळी निशाणेही फडकत होती. जसिडीह येथे एप्रिल १९३४ मध्ये त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला, तेव्हा ते थोडक्यात बचावले होते. जूनमध्ये दौरा पुण्यास आला. नगरपालिकेने त्यांना मानपत्र देण्याचे ठरविले होते आणि २५ तारखेस सायंकाळी तो समारंभ व्हावयाचा होता. नगरपालिकेची कचेरी त्या काळी विश्रामबाग वाड्यात होती. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. इंग्रजी अमलात तेथे संस्कृत पाठशाळा भरली, १८७९ च्या आगीत तो होरपळला आणि शेवटी शहराच्या कारभाराच्या कामी आला. गांधीजींची मंडळी दोन मोटारींतून येत होती. पुढची मोटार पोचली, तीतच गांधीजी आहेत असे समजून कोणीतरी तिच्यावर बाँब टाकला. गांधीजी मागच्या मोटारीत होते. वाटेत रेल्वेचे फाटक बंद असल्यामुळे ती काही मिनिटे मागे राहिली असे सांगतात. फाटकापाशी खोळंबणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. त्या एका खोळंब्याने मात्र देशाचा इतिहास तेरा वर्षांनी पुढे ढकलला.

जखमी कोण झाले? नगरपालिकेचे मुख्य अधिकारी, दोन पोलीस आणि आणखी काही माणसे. जखमींचा आकडाही निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळा दिलेला आहे. गांधीजींच्या प्रत्येक चरित्रात हा प्रसंग चार ओळींत उरकला जातो आणि त्या चार ओळींत जखमींना एक ओळही मिळत नाही. आपल्या कचेरीत पाहुणा येणार म्हणून दारात उभा राहिलेला एक अधिकारी आणि बंदोबस्तास नेमलेले दोन शिपाई यांचा त्या वादाशी काय संबंध होता? ते चाकरी बजावीत होते. त्यांच्या अंगात जे तुकडे घुसले ते दुसऱ्याच्या नावाचे होते.

गांधीजींनी त्याच दिवशी निवेदन काढले. जीव घेण्याचा प्रयत्न झाल्याबद्दल त्यात संताप नाही. बाँब टाकणाऱ्या त्या अज्ञात माणसाविषयी आपल्या मनात कीवच आहे, तो सापडला आणि आपले चालले तर त्याला सोडून द्या असेच आपण म्हणू, दक्षिण आफ्रिकेत आपल्यावर हल्ला करणाऱ्यांच्या बाबतीत आपण तेच केले होते, असा त्याचा आशय होता. १९०८ मध्ये जोहान्सबर्ग येथे मीर आलम आणि त्याचे साथीदार यांनी त्यांना बेशुद्ध होईपर्यंत मारले, तेव्हा फिर्याद करण्यास त्यांनी नकार दिला होता, हे वाचकांस ठाऊक असेल. शहाणा सनातनी अशा कृत्यास उत्तेजन देईल यावर आपला विश्वास बसत नाही, असेही ते म्हणाले. मात्र त्याच दमात सनातन्यांच्या नावाने बोलणाऱ्या आणि लिहिणाऱ्यांनी आपल्या भाषेस आवर घालावा, अशी विनंती त्यांनी केली. दौरा थांबला नाही. गुजरात, अजमेर, कराची, लाहोर असा तो पुढे गेला आणि जुलैअखेर काशीस संपला. अजमेर येथे उलट प्रकार घडला. त्यांना विरोध करणाऱ्या एका सनातनी स्वामीचे डोके त्यांच्याच बाजूच्या लोकांनी फोडले, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून गांधीजींनी ऑगस्टमध्ये सात दिवस उपवास केला. स्वतःवर पडलेल्या बाँबबद्दल कीव आणि विरोधकाच्या फुटलेल्या डोक्याबद्दल सात दिवसांचा उपवास, हा त्या माणसाचा हिशेब होता.

परंतु गांधीजींचा हिशेब हा सरकारचा हिशेब होऊ शकत नाही. ज्याच्यावर घाव पडला त्याने क्षमा करावी, हा त्याचा अधिकार आहे. ती क्षमा सरकारच्या वतीने करण्याचा अधिकार त्यास नाही, आणि जखमी मुख्याधिकाऱ्याच्या किंवा त्या दोन शिपायांच्या वतीने तर मुळीच नाही. शिवाय क्षमा करावयाची म्हटले तरी आधी माणूस सापडावा लागतो. मुंबई इलाख्याच्या सरकारने तो शोधला नाही, किंवा शोधूनही त्यास तो मिळाला नाही.

येथे आमच्या मनात जी शंका येते ती आम्ही झाकून ठेवणार नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. सरकारने भले मोठे इनाम लावले, पुण्यावर जादा पोलीस बसविले, फितूर मिळविले आणि दहा महिन्यांच्या आत, १८ एप्रिल १८९८ रोजी, दामोदर चापेकर फासावर गेले. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे यांनी गोळी झाडली आणि ते जागच्या जागी पकडले गेले. २४ जानेवारी १९४३ रोजी लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रगृहात बाँब फुटून गोरे सोल्जर मेले. पोलीस आठवड्याच्या आतच भास्कर कर्णिकांपर्यंत पोचले, आणि फरासखान्याच्या चौकीत कर्णिकांनी विष घेऊन आपले तोंड कायमचे मिटले. अर्थात ही तुलना ताणता येईल तितकी ताणावी असे आमचे म्हणणे नाही. गोगट्यांनी पळण्याचा विचारच केला नव्हता, आणि कॅपिटॉलच्या स्फोटकांचा माग सरकारी दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत जात होता. गर्दीतून काही फेकून गर्दीतच नाहीसा होणारा माणूस सापडणे त्याहून अवघड, हे आम्ही जाणतो. तरीही एवढे खरे की गोऱ्या अंमलदाराच्या किंवा सोल्जराच्या अंगावर गोळी अथवा बाँब गेला तेव्हा सरकारचा हात लांबवर पोचला. तो गांधींच्या अंगावर गेला तेव्हा मात्र हात आखडला, की त्या हाताला खरोखरच काही लागले नाही? याचे उत्तर कागदांत असेल तर असेल. अनुमानाने ते मिळावयाचे नाही.

आणि अनुमानांची तर रेलचेल आहे. गुन्हा पुण्यातला, विषय अस्पृश्यतेचा, तेव्हा हात सनातन्याचाच असला पाहिजे, असे एक पक्ष निश्चयाने सांगतो. या तर्कास आधार अगदीच नाही असे नव्हे. १९२९ मध्ये पर्वतीचे देवालय अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून पुण्यात सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींवर दगड पडले होते. १९३४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मंदिरप्रवेशाचे बिल पडून होते आणि त्याविरुद्ध देशभर सनातन्यांच्या सभा होत होत्या. दुसरा पक्ष याच्याही पुढे जाऊन १९४८ च्या खुनाच्या खटल्यातील नावे मागे ओढून १९३४ वर चिकटवितो. तिसरा म्हणतो की सरकारचेच काही अंग त्यात होते. आम्हांस यांतील एकाही मताचा न्यायालयात टिकेल असा पुरावा आढळत नाही. १९४८ च्या आरोपींचे जे पाप सिद्ध झाले तेवढे पुरेसे जड आहे. त्यात सिद्ध न झालेल्या गोष्टीची भर घातल्याने सत्याचे काही साधत नाही. उलट जे सिद्ध आहे त्याबद्दलही संशय घेण्यास वाट मिळते. गांधीहत्येचे आज जे समर्थक निपजले आहेत त्यांना अशीच वाट हवी असते.

बेवारस गुन्हा पुढे कोणाच्या दारात नेऊन टाकला जातो याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. २४ नोव्हेंबर १९१७ रोजी मिलवॉकी शहरात एका इटालियन प्रार्थनामंदिरापाशी सापडलेला बाँब उचलून शहराच्या मुख्य पोलीस कचेरीत आणला गेला. तो तेथेच फुटला. नऊ पोलीस आणि एक स्त्री जागीच ठार झाली. गुन्हेगार कधीच सापडला नाही. परंतु काही आठवड्यांपूर्वीच्या एका वेगळ्याच दंग्याबद्दल अकरा इटालियन माणसे तेव्हा तुरुंगात होती, आणि स्फोटानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा खटला उभा राहिला. बाँब फुटला तेव्हा ती गजांआड होती; तो त्यांनी ठेवला असणे शक्यच नव्हते. तरीही साऱ्या शहराचा राग त्यांच्यावर निघाला आणि अकराही जणांस लांब मुदतीच्या सजा झाल्या. पुढे वरच्या न्यायालयाने त्यांतील बहुतेकांच्या सजा रद्द केल्या. पण मधली वर्षे त्यांना कोण परत देणार?

महाराष्ट्रास हे उदाहरण परके वाटू नये. ३० जानेवारी १९४८ नंतर येथे काय झाले ते आमच्या जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा तर खुनी जागीच पकडला गेला होता, त्याचे नाव जगाला कळले होते. तरीही कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांत शेकडो ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली, कारण खुन्याची आणि त्यांची जात एक होती. एका माणसाच्या गुन्ह्याचा सूड जातीवर घेण्याची ही वृत्ती नाव ठाऊक असतानाही आवरत नाही. मग जेथे नावच नाही तेथे ती किती मोकाट सुटेल याची कल्पना करावी. आमच्या दृष्टीने १९३४ च्या तपासाचे महत्त्व येथे आहे. गुन्हा व्यक्तीच्या नावावर चढला म्हणजे समाज त्यातून मोकळा होतो. तो तसा चढला नाही, आणि म्हणून पुण्यावर, ब्राह्मणांवर, सनातन्यांवर तो नव्वद वर्षे अर्धामुर्धा लोंबकळत राहिला आहे.

सरकारच्या गाफीलपणाचे मोल १९४८ मध्ये द्यावे लागले हेही विसरून चालणार नाही. त्या वर्षी २० जानेवारीस दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला, मदनलाल पाहवा हाती लागला, कटाचे धागे मुंबई-पुण्याकडे येतात हे दिसू लागले, मुंबईच्या प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी आपणास जे ठाऊक होते ते सरकारच्या कानावर घातले. दहा दिवस हातात होते. ते कसे गेले याची छाननी न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १९६९ पर्यंत केली आणि पोलिसांच्या ढिलाईवर कडक ताशेरे ओढले. आयोगाचा अहवाल छापलेला आहे, तो वाचता येतो, त्याच्याशी वाद घालता येतो. १९३४ च्या बाबतीत वाद घालण्यास असा एकही छापील कागद सर्वसामान्य वाचकाच्या हाती नाही.

आता राहिला त्या जागेचा प्रश्न. हा बाँब एखाद्या सभेच्या मांडवात किंवा आडरस्त्यावर पडला नाही. तो नगरपालिकेच्या दारात पडला, आणि हा केवळ योगायोग होता असे आम्हांस वाटत नाही. आपल्या इलाख्यात अस्पृश्यतेचा प्रश्न धर्मपीठांच्या आधी नगरपालिकांच्या सभागृहांत येऊन ठेपला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात हा सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्यावर महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. पुण्याच्या नगरपालिकेत तर १८७६ पासून काही वर्षे जोतिराव फुले सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पैसा उधळण्यास त्यांनी भर सभेत विरोध केला आणि तोच पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा असे सुचविले. पाहुण्याचा मान करावा की करू नये याविषयी त्या संस्थेत मतभेद दाखविण्याची रीत ती होती: उभे राहावे, कारण सांगावे, हात वर करावा आणि एकटे पडावयाची तयारी ठेवावी. गांधींना मानपत्र देऊ नये असे ज्यांना १९३४ मध्ये वाटत होते त्यांनाही ती वाट मोकळी होती. खुद्द डॉ. आंबेडकरांचे गांधींच्या हरिजनकार्याविषयी तीव्र मतभेद होते. पुणे कराराची सल त्यांच्या मनातून गेली नव्हती. तो मतभेद त्यांनी लेखणीने आणि भाषणाने इतका स्पष्ट मांडला की आजही गांधींच्या अनुयायांस त्याचे उत्तर देताना घाम फुटतो. बाँब टाकणाऱ्यास एवढा आत्मविश्वास नव्हता. त्याने शहराने निवडलेल्या सभेचा निर्णय शहराच्याच दारात उधळून लावण्याचा प्रयत्न केला, आणि म्हणून तो बाँब गांधींच्या इतकाच पुण्याच्या नागरिकांवरही होता असे आम्ही मानतो.

अंबरनाथच्या आनंदनगरात राहणारा आमचा एखादा वाचक म्हणेल की पुण्याच्या या जुन्या बाँबशी आमचे काय देणेघेणे? आमचे उत्तर असे की देणे आहे. शेजारचे उल्हासनगर ज्यांनी वसविले ते सिंधी बांधव कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत येऊन राहिले तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांच्या आठवणींत कराचीस आलेले गांधीजी असणारच. पुण्यात बाँब फुटल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी ते तेथे पोचले होते. बदलापूरहून मुरबाडच्या बाजूस गेले की सिद्धगड लागतो. तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. गोळी आणि स्फोटक यांचा इतिहास या पट्ट्यास नवा नाही. आणि दूरच्या इतिहासाचे सोडा. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीच्या वाऱ्यावर राहणाऱ्या कोणास विचारा. जवळच्या डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली, मैलभर काचा फुटल्या, चौकशी समिती बसली. आणि तिच्या अहवालासाठी नागरिकांना माहितीच्या अधिकाराची दारे ठोठवावी लागली. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीतच पुन्हा स्फोट झाला. तो अपघात आणि हा कट, गुन्ह्याची जात वेगळी हे आम्हांस कळते. पण स्फोटानंतर सरकार काय करते, काय लिहून ठेवते आणि लिहिलेले कोणास दाखविते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि तो आनंदनगरच्या माणसास पुणेकराहून अधिक जवळचा आहे.

आमची मागणी मोठी नाही. नवा आयोग नेमावा असे आम्ही म्हणत नाही. साक्षीदार हयात नाहीत, आरोपी असलाच तर त्याच्याही अस्थी केव्हाच पाण्यात पडल्या असतील. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, पुण्यास पेशवे दप्तराचे घर आहे. मुंबई सरकारच्या गृहखात्याचे त्या वर्षाचे कागद, पुण्याच्या पोलिसांचे आणि जिल्हाधिकाऱ्यांचे अहवाल, जखमींना तपासणाऱ्या डॉक्टरांचे दाखले यांपैकी जे जे शिल्लक असेल ते एकत्र करून जसेच्या तसे छापावे. जे शिल्लक नाही ते केव्हा आणि कोणाच्या हुकुमाने नष्ट झाले तेही छापावे. स्वातंत्र्यलढ्याची साधने खंडाखंडांनी प्रसिद्ध करण्याचे काम महाराष्ट्र सरकारने पूर्वी केलेले आहे. त्या मालिकेत आणखी एक खंड पडल्याने तिजोरी रिकामी होणार नाही. २००५ मध्ये राज्याने सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही केला. कायदा कपाटास कुलूप लावण्यासाठी केला की कपाट उघडण्यासाठी, ते या निमित्ताने कळेल.

जुनी मढी उकरू नयेत, असा उपदेश यावर होईल. तो करणाऱ्यांत या प्रकरणाचा हवा तसा उपयोग करून घेणारे दोन्ही बाजूंचे लोक असतील याची आम्हांस खात्री आहे. ज्यांना मुद्दा हवा असतो त्यांना कागद नको असतात. कागदांतून कोणाचे नाव निघेल किंवा निघणारही नाही. निघालेले नाव एखाद्या आदरणीय घराण्याचे असेल, किंवा ज्याच्यावर नव्वद वर्षे बोट दाखविले गेले तो अगदीच निर्दोष ठरेल. यांतील काहीही झाले तरी ते ऐकण्याची तयारी महाराष्ट्राने ठेवावयास हवी.

पुणे महानगरपालिकेस मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. तिची पूर्वज असलेल्या नगरपालिकेच्या जून आणि जुलै १९३४ मधील सभांची इतिवृत्ते तिच्याच दप्तरात असावयास हवीत. मानपत्राचा ठराव कोणी मांडला, कोणी विरोध केला, बाँबनंतरच्या पहिल्या सभेत सभासद काय बोलले, आणि आपल्या जखमी मुख्याधिकाऱ्याच्या औषधपाण्याचा खर्च शहराने उचलला की नाही, एवढे तिने येत्या २५ जूनपर्यंत प्रसिद्ध करावे.